साभार परत आलेल्या कथेचं काय करायचं?

कथा टपालाने पाठवायच्या काळात पोस्टमनच्या हातातलं पाकीट लांबून पाहिलं तरी निकाल कळायचा. पोस्टकार्ड असेल तर संपादकांनी कथा ठेवून घेतली. जाड पाकीट असेल आणि त्यावरचा पत्ता आपल्याच अक्षरातला असेल तर कथा परत. कारण परतीचं पाकीट तिकिटं लावून आपणच आत घातलेलं असायचं. लालबागच्या आमच्या चाळीत टपाल खाली जिन्यापाशी वाटलं जाई. त्यामुळे माझी कथा परत आली हे मला कळायच्या आधी दोन मजल्यांना कळलेलं असे. शेजारच्या मावशी कठड्यावरून हाक मारत, 'बाय, तुझी गोष्ट परत इली गो!' त्या कोकणातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. पण त्यांच्या आवाजात खरी हळहळ असे आणि संध्याकाळी त्या काहीतरी खायला घेऊन येत.

आता पाकीट येत नाही. कथा ईमेलने जाते आणि बहुतेक वेळा काहीच परत येत नाही. ठरावीक मुदतीत उत्तर आलं नाही तर साहित्य स्वीकारलेलं नाही असं समजावं, अशी ओळ अनेक अंकांच्या आवाहनात तळाशी असते. लिहिणाऱ्या तरुण मुलामुलींशी बोलताना जाणवतं, की या शांततेचा त्रास जाड पाकिटापेक्षा जास्त होतो. पाकीट आलं की निदान विषय मिटायचा. आताची मुलं महिनोन् महिने फोन उघडून बघत राहतात.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, आई खानावळ चालवायची. मी परळला महापालिकेच्या शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. गिरणी संपानंतरच्या वर्षांत कथा लिहायला लागले आणि त्यातल्या बऱ्याच परत आल्या. आता निवृत्तीनंतर दादरहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी वाचते, निवडीत माझंही मत घेतलं जातं. म्हणजे पाकिटाची दोन्ही टोकं मला माहीत आहेत. लेखकाने नकाराकडे सकारात्मक नजरेने पाहावं असं व्याख्यानांतून नेहमी सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं, पण त्या रात्री नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं साधं आहे. आपण कथा जितक्या काळजीने लिहिली तितक्याच काळजीने तिला आलेला नकार वाचावा. तो कशामुळे आला हे कळलं, की पुढे काय करायचं तेही बऱ्यापैकी कळतं.

पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते, कारण बहुतेक लेखकांना ते कधीच दिसत नाही. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला तो पहिला दिवाळी अंक. तेव्हापासून दिवाळीच्या आधीचे चार महिने मराठी लेखकाच्या वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे महिने झाले आहेत. अंकाची पानं छपाईच्या हिशेबाने ठरतात. 16 पानांचा एक फॉर्म. 208 पानांचा अंक म्हणजे 13 फॉर्म. एक पान वाढवायचं म्हटलं तरी कागदाचा आणि छपाईचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. त्यातून जाहिराती, अनुक्रमणिका, लेख, कविता, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य वजा करा. शिवाय दोन-तीन नामवंतांना आधीच शब्द दिलेला असतो. मग आपणहून कथा पाठवणाऱ्यांसाठी उरतात त्या मोजक्या जागा.

एका वर्षीची दुपार माझ्या चांगली लक्षात आहे. शेवटच्या एका जागेसाठी दोन कथा उरल्या होत्या. एक होती करी रोडच्या पुलाखाली फुलं विकणाऱ्या बाईची. दुसरी सांगलीकडच्या द्राक्षबागेतल्या मजुरांची. फुलवालीची कथा मला जास्त आवडली होती. ती बाई गिऱ्हाईक नसताना गजऱ्याचा दोरा दातात धरून बसते, गिऱ्हाईक आलं की दोरा सोडते आणि मगच बोलते. हे ज्याने लिहिलं त्याने ते नक्की पाहिलेलं होतं. पण आधी निवडलेल्या कथांपैकी तीन मुंबईतल्याच होत्या आणि त्यातल्या दोन म्हाताऱ्या, एकट्या बायकांच्या. संपादक म्हणाले, अंकात सगळीकडे एकच हवा नको. त्यांचं बरोबर होतं. द्राक्षबाग आत गेली, फुलवाली बाहेर राहिली. त्या लेखकाला कळलं ते एवढंच, की आपली कथा आली नाही. कदाचित तो समजला असेल की आपल्याला लिहिता येत नाही. त्याला दोन ओळी कळवाव्यात असा आग्रह मी धरला आणि त्या कळवल्याही गेल्या. पण असं दरवेळी होत नाही, कारण अंक छापखान्यात जायच्या आठवड्यात तेवढी उसंत कुणालाच नसते.

म्हणून नुसतं 'नाही' आलं किंवा काहीच आलं नाही, तर त्यातून आपल्या लेखनाबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नये. त्यात तेवढी माहितीच नसते. तीच कथा, तशीच, दुसरीकडे पाठवावी.

याच्या उलट, कारणासह आलेला नकार ही मोठी गोष्ट आहे. या बाबतीत गिरगावातल्या खटाववाडीचं नाव घ्यायलाच हवं. मौज प्रकाशनाचं कार्यालय तिथलं. 1933 मध्ये सुरू झालेलं 'सत्यकथा' हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली तिथून निघायचं. त्या दोघांची ख्याती अशी, की कथा परत करताना ते लेखकाला पत्र लिहीत. काय जमलं, कुठे सैल झालं, कोणत्या पात्राशी लेखक प्रामाणिक राहिला नाही, हे नव्या लेखकालाही सांगत. पुन्हा लिहायला लावत, पुन्हा वाचत. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडली. माझी लेखणी हातात यायच्या आधीच ती गेली, त्यामुळे तिचे अंक मी पाहिले ते दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. शाळा सुटल्यावर तिथे बसून मी जुने अंक वाचत असे. ज्यांच्या कथा त्या पानांवर आल्या त्यांतल्या कितीतरी जणांची हस्तलिखितं आधी खटाववाडीतून परत गेलेली होती, हे माहीत असल्यामुळे ते वाचताना मला फार धीर यायचा.

राम पटवर्धनांचा 'पाडस' हा अनुवाद अनेक घरांत आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेच्या 1938 सालच्या कादंबरीचा तो अनुवाद. फ्लोरिडाच्या रानात राहणाऱ्या पोराची गोष्ट लिही, असा लकडा तिच्यामागे मॅक्सवेल पर्किन्स या तिच्या संपादकाने लावला होता. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. संपादकाच्या आग्रहातून झालेली कादंबरी मराठीत आणावीशी वाटली ती एका संपादकालाच, ही गोष्ट मला फार आवडते.

मलाही असं एक पत्र आलं होतं. कथा होती संपातल्या खानावळीची. गिरणगावात गावी कुटुंब ठेवून आलेले पुरुष दाटीवाटीने एका खोलीत राहत आणि आमच्या आईसारख्या बायांकडे महिन्याच्या खात्यावर जेवत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पगार थांबले, खाती थकली, तरी माणसं जेवायला येतच राहिली. हे सगळं मी लिहिलं होतं. संपाचे पुढारी दत्ता सामंत, गेट मीटिंगा, मालक, सरकार, काहीच सोडलं नव्हतं. संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं आणि सोबत चार ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा: पान 4 वर आई भाकऱ्या मोजते आणि दोन उचलून पुन्हा टोपलीत ठेवते, तुमची कथा तिथे आहे, त्याच्या आधी आणि नंतर तुम्ही आम्हाला संप समजावून सांगता, तो आम्ही वर्तमानपत्रात वाचला आहे.

पत्र वाचून मला राग आला. संप आमच्या घरात घडला होता आणि हे मला सांगणार होते की गोष्ट कुठे आहे! पण राग आला तरी पत्र फाडलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर आईला कथा वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत ऐकत होती. गेट मीटिंगच्या भागात ती काहीच बोलली नाही. भाकऱ्यांपाशी आले तेव्हा हात थांबवून म्हणाली, 'तेव्हा ज्वारी परवडत नव्हती. मी कणी मिसळून दळून आणायची. भाकरी थापताना फाटायची, म्हणून लहान करायची. कुणी बोललं नाही कधी, पण त्यांना कळत होतं.' कथेत हे कुठेच नव्हतं. मी ती कथा पुन्हा लिहिली तेव्हा मोर्चे आणि भाषणं गळून पडली. फाटणारी भाकरी, ती लहान होत जाणं आणि जेवणाऱ्यांचं गप्प राहणं एवढंच राहिलं. पुढे ती दुसऱ्या एका मासिकात छापून आली. त्या चार ओळी लिहिणाऱ्या संपादकांना मी कधी भेटले नाही, पण माझ्या लिहिण्यावर त्यांचा जेवढा उपकार आहे तेवढा कौतुक करणाऱ्या कुणाचाही नाही.

आता तिसऱ्या प्रकारचा नकार. इथे 'संपादकाचं ऐका' म्हणून भागत नाही. काही वेळा समोरच्याला तुमचं जगच नको असतं. माझ्या एका कथेत चाळीतल्या बाया भांडताना जशा बोलतात तशा बोलल्या होत्या. ही भाषा आमच्या वाचकाला चालणार नाही, एवढं लिहून एका मासिकाने ती परत केली. ते पत्रही मी खूप वेळा वाचलं. त्यात कथेबद्दल काही नव्हतं, फक्त ती बोलणाऱ्या बायांबद्दल होतं. मी एक शब्दही बदलला नाही.

या बाबतीत खटाववाडीचीच दुसरी बाजू सांगायला हवी. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मौजेच्या कार्यालयासमोर 'सत्यकथे'चा अंक जाळला. जी 'सत्यकथा' अनेकांना शाळेसारखी वाटली, तीच या तरुणांना बंद दारासारखी वाटत होती. गिरणगाव, कामाठीपुरा, दलित वस्त्या आणि रस्त्यावरची मुंबई त्या दारातून आत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्या संपादकाची नजर बारीक असते त्याची अभिरुची घट्ट असते, आणि घट्ट अभिरुचीला काही गोष्टी दिसत नाहीत.

लोकांच्या लक्षात जाळलेला अंक राहिला. माझ्या मते त्याहून मोलाचं काम त्या पिढीने आधी आणि नंतर केलं. त्यांनी स्वतःची नियतकालिकं काढली. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सुरू केलं होतं. मग अशोक शहाणे यांचं 'असो', आणि 'फक्त', 'येरू' अशी एकामागून एक लघुअनियतकालिकं आली. काही छापलेली, काही सायक्लोस्टाइल केलेली. टाइपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिल कापायची, ती शाईच्या रोळावर चढवायची आणि हाताने दांडा फिरवत एकेक प्रत काढायची. मी शाळेच्या प्रश्नपत्रिका अशाच काढल्या आहेत. शाईने कोपरापर्यंत हात काळे होतात आणि शंभरेक प्रतींनंतर अक्षर पुसट व्हायला लागतं. अशा कागदांवर मराठी कविता बदलली. कोणत्याही मोठ्या टेबलाची परवानगी त्यांनी मागितली नाही.

त्याच लाटेतून 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. मुंबईत टॅक्सी चालवलेल्या माणसाची कविता, आणि तिची भाषा अशी की शहाण्यासुरत्या वाचकालाही शब्द अडावेत. तिला प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी, तीही ढसाळांबरोबर कामाठीपुऱ्याच्या त्या वस्तीत रात्री फिरून. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये ग्रंथालीने काढलं. 'भाषा चालणार नाही' असं पत्र हातात असताना ही दोन्ही पुस्तकं माझ्या फळीवर होती. माझी कथा मी एका वाचनालयाच्या छोट्या कार्यक्रमात वाचली. चाळीतल्याच बाया समोर बसल्या होत्या. त्या हसल्या, एक-दोघींनी डोळे पुसले. पुढे कामगारांसाठी निघणाऱ्या एका लहानशा अंकाने ती जशीच्या तशी घेतली.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण तरुण लेखक यात फसतात. स्वतःचा अंक काढणं, चार मित्रांनी मिळून कविता छापणं, कार्यक्रमात वाचणं, हे सगळं चांगलं. पण नकाराने खचलेल्या माणसाला गाठून 'एवढे पैसे भरा, तुमचा संग्रह काढतो' म्हणणारेही पुष्कळ आहेत. लेखक पीएफमधून पैसे काढून देतो. मुद्रितशोधन कुणी करत नाही, संपादनाचं नावच नाही, प्रती घरी येतात आणि पलंगाखाली जातात. निवृत्त शिक्षकांच्या घरी असे गठ्ठे मी पाहिले आहेत. छपाईला पैसे लागतात आणि ते कधी लेखकाला घालावेही लागतात. मात्र तुमचं पान ज्याने वाचलेलंच नाही त्याने ते छापलं, म्हणजे ते स्वीकारलं गेलं असं होत नाही.

संपादकाच्या नकारापेक्षा प्रेक्षकांचा नकार अधिक उघडा असतो. नाटककाराला तो अंधारात बसून, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत सोसावा लागतो. विजय तेंडुलकरांचं 'गृहस्थ' 1955 मध्ये रंगभूमीवर आलं आणि चाललं नाही. पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी 'श्रीमंत' लिहिलं. हा निश्चय मोडण्याचा किस्सा सगळे सांगतात. त्यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पडलेलं 'गृहस्थ' त्यांनी टाकून दिलं नाही. तेच नाटक नव्याने लिहून 'कावळ्यांची शाळा' या नावाने पुन्हा उभं केलं. प्रेक्षकांनी दिलेला नकार त्यांनी नीट वाचला असणार, त्याशिवाय माणूस पडलेल्या नाटकाकडे परत जात नाही.

तेंडुलकरांचंच 'गिधाडे' लिहून झाल्यावर वर्षानुवर्षं पडून होतं. डॉ. श्रीराम लागूंनी ते 1970 मध्ये उभं केलं तेव्हा सेन्सॉर आडवं आलं. साडीवरचा रक्ताचा लाल डाग नको, असं म्हणणं पडलं. मग डाग निळा केला गेला आणि प्रेक्षकांना प्रयोगाआधी सांगितलं गेलं, की तो लाल आहे असं समजा. त्यांच्याच 1972 च्या 'सखाराम बाइंडर'साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. ती लढाई त्यांनी जिंकली आणि 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहूनही ठेवली. मोठ्या थिएटरचं भाडं न परवडणाऱ्या नाटकवाल्यांना याच दशकात दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह मिळालं. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग सुरू केले आणि व्यावसायिक रंगभूमीने ज्यांच्याकडे पाहिलं नसतं अशी नाटकं त्या शाळेच्या माळ्यावर झाली. दादर स्टेशनातून उतरून लोक जिने चढून जात. त्या गर्दीत मीही असायची, वही-पेन घेऊन.

संपादकही चुकतात, हे तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भाग पॅरिसमधल्या ज्या प्रकाशक मंडळींनी नाकारला त्यांत लेखक आंद्रे जीद होते. 1913 मध्ये प्रूस्तने तो स्वतःच्या खर्चाने छापून घेतला. काही महिन्यांतच जीदनी त्याला पत्र लिहून हा नकार आपल्या हातून घडलेली गंभीर चूक असल्याचं कबूल केलं आणि पुढचे भाग त्याच मंडळींनी प्रसिद्ध केले. कथांचा गठ्ठा पुढे घेऊन बसते तेव्हा मला ही गोष्ट आठवते आणि मी शेवटचं पान येईपर्यंत कथा खाली ठेवत नाही. मात्र नाकारल्या गेलेल्या प्रत्येकाने स्वतःला प्रूस्त समजू नये. परत आलेल्या बहुतेक कथा खरंच कच्च्या असतात. माझ्याही होत्या, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पंचवीस-तीस पानं कच्ची लिहिल्याशिवाय एक पान पक्कं येत नाही.

एका नकाराबद्दल मासिकांत लिहिलं जात नाही. तो घरातून येतो. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात संपाने मोडलेलं लालबाग-परळकडचं धुरी कुटुंब आहे. त्यातला थोरला मुलगा, बाबा, लेखक होऊ पाहतो. घरात पैसा नाही, भाऊ वाया चाललेले, आई सगळं ओढते आहे, आणि हा लिहितो आहे. तो प्रयोग बघताना मला श्वास घेता येईना, कारण असा एकेक बाबा आमच्या प्रत्येक मजल्यावर होता. 'त्याने पोट भरतं का?' हा प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना खरंच उद्याच्या पिठाची काळजी होती. बाईच्या बाबतीत हा नकार वेगळ्या रूपात येतो. तिला कुणी लिहू नको म्हणत नाही. फक्त ती वही उघडते तेव्हाच कुणाला तरी चहा हवा असतो. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर एक गोष्ट केली. रात्री नऊ ते दहा मुलांचा अभ्यास तो घेणार आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून लिहिणार. दहा बाय बाराच्या खोलीत याहून मोठा पाठिंबा असू शकत नाही. घरात कुणी लिहिणारं असेल तर त्याच्या कथेची स्तुती करण्यापेक्षा त्याला एवढा एक तास द्या. नकार सोसायचं बळ त्यातून जास्त येतं.

नकार आलेल्या दिवशी त्रास होतोच. छातीत काहीतरी बसतं, जेवण जात नाही. ते दाबून 'मी सकारात्मक आहे' असं म्हणत बसू नये. एक-दोन दिवस त्या कथेकडे बघू नये. त्या दोन दिवसांत संपादकाला फोन करू नये, आणि त्याचा मेल फेसबुकवर तर मुळीच टाकू नये. मराठी साहित्याचं वर्तुळ लहान आहे, आज नाकारणारा उद्या आपली चांगली कथा छापणारा असतो. तिसऱ्या दिवशी कथा मोठ्याने वाचावी. आपली जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा वाक्य खोटं असतं. शक्य झालं तर अशा माणसाला वाचून दाखवावी, ज्याला आपल्याला खूश करायचं नाही. माझ्यासाठी ते माणूस आई होती. आता एक जुनी विद्यार्थिनी आहे, ती लोअर परळला एका ऑफिसात काम करते आणि लोकलमधून उभ्याने माझं लिखाण वाचते.

मी एक वही ठेवते. कोणती कथा कुठे पाठवली, कधी पाठवली, काय उत्तर आलं, पुढे कुठे पाठवायची. एकच कथा एकाच वेळी दोघांना पाठवायची नाही हा आपल्याकडचा संकेत आहे आणि तो पाळावा. म्हणून तर वही लागते. दोन-तीन महिने उत्तर नाही आलं तर नम्रपणे एक ओळ लिहून विचारावं. तरीही उत्तर नसेल तर कथा मागे घेत असल्याचं कळवावं आणि पुढचा पत्ता लिहावा. आणि एक कथा पाठवलेली असताना दुसरी हातात असावी. नवी कथा अर्ध्यावर असेल तर जुनीचा नकार निम्मा हलका होतो, कारण मन आधीच पुढच्या माणसांत गुंतलेलं असतं.

संपादकांनाही माझी विनंती आहे. सगळ्यांना पत्र लिहिणं आज शक्य नाही, हे मी जवळून पाहते आहे. पण शेवटच्या निवडीपर्यंत जी पाच-सहा माणसं पोचतात आणि राहून जातात, त्यांना तेवढं तरी कळवा की तुम्ही इथवर आला होता. दोन ओळींचं काम आहे.

आणि लिहिणाऱ्यांना सांगायचं ते हे. दिवाळी अंकांची आवाहनं साधारण मे-जूनमध्ये यायला लागतात आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत बहुतेक अंकांची दारं बंद होतात. तुमच्याकडे परत आलेली, कपाटात किंवा फोनमध्ये पडलेली कथा असेल तर ती या आठवड्यात काढा. कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, जे बदलायचं ते बदला, जे बदलायचं नाही ते तसंच ठेवा, आणि मुदतीच्या आत पाठवा.